एक माग चालू आहे

इचलकरंजीच्या माणसाला परगावी झोप लागत नाही, हे त्या गावात कुणालाही विचारा. पाहुण्यांकडे पहिली रात्र काढायची म्हणजे शिक्षाच. गादी मऊ असते, पाहुणचार चोख असतो, पण मध्येच दचकून जाग येते आणि वाटतं, काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं काही नसतं. यंत्रमागांचा आवाज येत नसतो, एवढंच.

कल्याणी हावळ याच गावची, मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या कांडी गल्लीत वाढलेली, पण तिला हा आवाज लहानपणापासून नकोसा. तिचे वडील गजानन हावळ, सगळ्यांचे अण्णा, उभा जन्म दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवून अर्धे बहिरे झाले. घरात बोलायचं ते ओरडून, ऐकायचं ते समोरच्याच्या ओठांकडे बघून. आई गेली तेव्हा शेवटचं काय पुटपुटली, ते उशाशी बसलेल्या अण्णांना ऐकूच आलं नाही. त्या दिवशी कल्याणीच्या मनात मागांबद्दल जी अढी बसली ती बसलीच. ती पुण्याला गेली, आवाजाचं शास्त्र शिकली, आणि दैवाची थट्टा बघा, नोकरी लागली ती परत इचलकरंजीत, शहराच्या आपत्ती कक्षात. काम काय, तर गावाचा आवाज ऐकायचा.

प्रत्यक्ष ऐकायचं काम अर्थात ती करत नव्हती. ते करायची शेजारीण.

कागदोपत्री त्या यंत्रणेचं नाव नगरश्रुती. पण असलं जरीकाठी नाव इचलकरंजीत कोण घेणार? कुणाकडे पाहुणे आले, कुणाचा कुकर शिट्ट्या मारतोय, कोण पहाटे खोकतंय, हे सगळं ओट्यावरून न उठता जाणणारी एक बाई प्रत्येक गल्लीत असतेच. लोकांनी यंत्रणेला तिचं नाव देऊन टाकलं.

शेजारणीचे कान म्हणजे रस्त्याखालून गेलेल्या इंटरनेटच्या काचेच्या तारा. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात जागोजागी बारीक गाठी राहतात, सुतात राहतात तशा. तारेच्या एका टोकातून लेसरचा प्रकाश सोडला की प्रत्येक गाठीवर आपटून त्यातला कणभर मागं फिरतो. आता वरची जमीन हलली, अगदी कुणी अनवाणी चालत गेलं, तरी तेवढ्या जागेपुरती तार ताणली जाते. किती, तर केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातल्या एकापेक्षाही कमी. पण तेवढ्यानं परतणारा प्रकाश बदलतो, आणि तो परतायला किती वेळ लागला त्यावरून बदल कुठं झाला तेही कळतं. म्हणजे तारेचा प्रत्येक हात-दोन हात तुकडा हा एक कान. अख्ख्या शहरात असे लाखो कान, आणि त्यासाठी नवं काही पुरावं लागलं नाही. तारा कधीच्याच पुरलेल्या होत्या. गाव इतकी वर्षं आपल्याच कानांवरून चालत होतं.

पाण्याची पाइप फुटायच्या आधी शेजारणीला तिची कुरकुर ऐकू यायची. चौकात दोन गाड्या धडकल्या तर बघ्यांनी फोन काढायच्या आत रुग्णवाहिका निघालेली असायची. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली, भिंतींना कान होते तेवढे पुरे नव्हते का म्हणाले. मग एकेकाच्या घरची माणसं वाचत गेली आणि कुरकुर बंद झाली.

एकच अडचण होती, माग. पहिले काही महिने शेजारणीला मागांशिवाय दुसरं काही ऐकूच येईना. नवे माग आले तरी जुन्या वस्तीत, गावभागात, धोटा इकडून तिकडं आपटणाऱ्या जुन्या मागांनी तळ ठोकलेला. त्यांची खटखट जमिनीतून गावभर पसरायची आणि तिच्यात माणसाची पावलं बुडून जायची. तेव्हा कल्याणीनं शिकवणी घेतली. रोज हजारो आवाज यंत्रासमोर टाकायचे आणि सांगायचं, हा माग, हा पण माग. माग कसा सुरू होतो, धागा तुटला की कसा थांबतो, गाठ मारली की परत कसा त्याच ठेक्यात लागतो, सगळं तिनं घोकून घेतलं. मग हुकूम दिला, ओळखलास ना, आता वजा कर.

आणि एका दुपारी तिनं कानाला हेडफोन लावला तर खाली तिचं गाव होतं. माग नसलेलं गाव. कुठं चेंडू आपटत होता, कुठं कुणी जिना उतरत होतं, कुठं एक शेळी उड्या मारत होती. जन्मापासून ज्याच्याआड हे सगळं दडलेलं होतं तो पडदा बाजूला झाला होता. कल्याणी खुर्चीत बसून रडली. शेजारच्या खुर्चीवरच्या शेडबाळ्यांना, तिच्या हाताखालच्या पोक्त ऑपरेटरना, वाटलं मॅडमना घरून काहीतरी वाईट कळलं.

मग एकदा अण्णा न्हाणीत पडले. कल्याणी ऑफिसात होती. शेजारणीनं ऐकलं, गाडी धाडली, आणि डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. कल्याणीनं लगेच अण्णांची सही घेऊन त्यांचं नाव 'साथ' योजनेत घातलं. त्यात एकट्यादुकट्या म्हाताऱ्या माणसाची चाल यंत्र लक्षात ठेवतं आणि त्याचा ठिपका घरच्यांना दिसत राहतो. घरच्यांच्या जिवाला घोर नको म्हणून. इथंच बापलेकीचं बिनसलं.

त्या दिवशी सकाळीही चहाला तोच विषय होता.

"काल दुपारी कुठं होता, अण्णा?"

"तुझ्या शेजारणीला इचार की."

"तिला कळत नाही म्हणून तुम्हाला विचारतेय. कांडी गल्लीच्या मागच्या बोळाशी तुमची पावलं येतात आणि तिथं संपतात. रोज."

अण्णांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि सावकाश प्यायला.

"मग गावली न्हवं एक तरी जागा," ते म्हणाले. "मागांच्या आवाजात तुझी शेजारीण बहिरी होतीया. माझ्यागत. तिथं चार घटका मी माझा असतोय."

"मला काळजी वाटते."

"वाटू दे की. न्हाई कोण म्हणतंय? पर परवा तू ऑफिसातनं फोन करून इचारलंस, अण्णा, भज्याच्या गाड्याजवळ एवढा वेळ का हुबा हायसा? मी काय चोर हाय व्हय? तुझ्या आईनं बी माझ्यावर एवढी नजर ठेवली न्हवती. आन तिला तर कारण बी हुतं."

कल्याणीला हसू आलं नाही. अण्णांची बोटं टेबलावर चालली होती, खट-खटाक, खट-खटाक. ते कायमचंच. जेवताना, पेपर वाचताना, देवळात टाळ्या वाजवतानासुद्धा त्यांच्या हाताचा ठेका मागाचाच. लहानपणी तिला मांडीवर घेऊन थोपटायचे तेही त्याच ठेक्यात. इतर पोरं अंगाईवर झोपली, ही मागावर.

"ते वाजवणं तरी बंद करा," ती म्हणाली.

अण्णांनी हाताकडे बघितलं. आपण वाजवतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी हात मांडीवर ठेवला. निघताना नेहमीप्रमाणं फोन देवघरात विसरले, म्हणजे मुद्दाम ठेवला, आणि गेले.

दुपारी जेवणं झाल्यावर आपत्ती कक्षातल्या पडद्यावर लाल पट्टी उमटली. कांडी गल्ली, जुनी मगदूम बिल्डिंग. शेजारच्या रिकाम्या जागेत तळघरासाठी खोदाई चालली होती आणि त्या बाजूच्या भिंतीत आत कुठंतरी चिरा पळत होत्या. वरून बघणाऱ्याला काहीच दिसलं नसतं. शेजारणीला ऐकू येत होतं. कोसळायला थोडाच अवधी, ती सांगत होती.

पुढचं सगळं तिनंच केलं. गल्लीतल्या खांबांवरचे भोंगे वाजले, बिल्डिंगमधला प्रत्येक फोन ओरडू लागला, वीज आणि गॅस तोडला गेला, अग्निशमनची गाडी निघाली. माणसं मिळेल ते पोर काखोटीला मारून खाली धावली. कोण आत गेलं होतं आणि कोण बाहेर आलं, पावलांचा हिशेब शेजारीण मांडत होती. शेवटची एक बाई तव्यावरची भाकरी उलथून मगच बाहेर पडली, हेसुद्धा तिनं टिपलं. मग वरचे मजले खाली बसले आणि धुरळ्याचा लोट गल्लीभर पसरला.

पडद्यावर अक्षरं आली. आत माणसं: शून्य.

कक्षात सगळे उभे राहिले. अख्खी इमारत पडली आणि कुणाला खरचटलंसुद्धा नाही, असं या गावानं कधी बघितलं नव्हतं. शेडबाळ्यांनी पडद्याला हात जोडले. कल्याणीचा ऊर भरून आला. हे मी केलं, तिच्या मनात आलं, आणि तसं वाटून घ्यायचा तिला हक्क होता.

तेवढ्यात घटनास्थळावरून इरफान मुजावरांचा फोन आला. मुजावर अग्निशमनचे अधिकारी, पिळदार मिशांचा पण हळू बोलणारा माणूस.

"मॅडम, मागची अर्धी भिंत तिरकी हुबी हाय. बाजूच्या चाळीवर कधी बी येईल. पोकलेन लावून आतल्या बाजूला पाडून घेतो. तुमची शेजारीण शून्य म्हणतीया न्हवं?"

"हो. शून्य."

"न्हाई, इचारलं एवढ्यासाठी की इथं वरच्या मजल्यावरची एक आजी हाय. ती म्हणतीया, खाली बंद पडलेल्या कारखान्यात एक म्हातारा रोज दुपारचा येऊन बसायचा. जुना कामगार. त्याच्याकडं मागच्या दाराची किल्ली हुती म्हणं. आज आलावता का, ते तिला ठाऊक न्हाई."

अण्णांनी माग चालवला तो कारखाना मगदूम बिल्डिंगच्या तळमजल्यावर होता. तिथले माग भंगारात गेले त्याला वर्षं झाली. पुढच्या जिन्यावरची पावलं ऐकू यायची, पण मागच्या दाराशी लगतचे कारखाने अजून धडाडत होते, आणि त्या आवाजात बुडालेली ती जागा शेजारणीच्या दृष्टीनं जगात नव्हतीच. तिनं अण्णांचा ठिपका उघडला. रोजच्यासारखीच पावलं कांडी गल्लीच्या मागच्या बोळाशी येऊन संपली होती.

"मुजावरसाहेब, पोकलेन थांबवा. माझे वडील असतील ते."

मग ते म्हणाले, "थांबवतो. पर भिंत माझं ऐकायची न्हाई, मॅडम. लई वेळ न्हाई. ते हैत का न्हाईत, आन असले तर कुठं, एवढं सांगा. एवढ्या ढिगाऱ्यात आंधळेपणानं हात घातला तर वरचं सगळं खाली यील."

कल्याणीनं मागांची वजाबाकी बंद केली. पडदा एका झटक्यात भरून गेला. गावातला प्रत्येक माग तिथं आला, आणि हेडफोनमधून अशी खटखट कोसळली की तिनं तो कानावरून ओढून काढला. यात एका म्हाताऱ्याचं ठोठावणं शोधायचं म्हणजे पुरात पडलेली सुई शोधायची. मुजावरांच्या माणसांनी धावत जाऊन लगतचे कारखाने बंद केले. आवाज थोडा उतरला, पण मागून दुसऱ्या गल्ल्यांचा आला, त्यामागून लांबच्या वसाहतींचा. काळी जमीन सगळं पोचवत होती.

भोंग्यांवरून ठरलेल्या सूचनांखेरीज काही बोलायचं तर आयुक्तांची परवानगी लागायची. आयुक्त बैठकीत होते. कल्याणीनं भोंग्याचा माइक उचलला. गावातल्या सगळ्या खांबांवर आणि सगळ्या फोनांवर एकदम तिचा आवाज गेला, आणि पुण्यात घासूनपुसून टाकलेली घरची बोली आपसूक तोंडात आली.

"ऐका. मी कांडी गल्लीतल्या गजानन हावळांची पोरगी बोलतोय. माझा बाप मगदूम बिल्डिंगच्या ढिगाऱ्याखाली हाय. जिता असंल तर कायतरी वाजवत असंल, पर तुमच्या मागांपुढं ऐकू येईना झालंय. माग बंद करा. सगळे. गाड्या बंद करा. आन जिथं हायसा तिथंच हुबं ऱ्हावा, पाऊल बी टाकू नगा. एवढंच करा माझ्यासाठी."

ती थांबली. काय करून बसले मी, असं तिला वाटलं. परदेशी पाठवायच्या मालाच्या मुदती डोक्यावर असलेले मालक, धोट्याच्या फेऱ्यांवर मजुरी ठरणारे कामगार, कोण कशाला ऐकेल?

पहिल्यांदा गावभागातली एक गल्ली विझली. दुसरी विझली. मग नदीकडच्या बाजूनं अंधार पडत यावा तसं पडद्यावरचं एकेक झगझगीत टोक काळं होत गेलं. बायकांनी मागांचे दांडे ओढले, बाप्यांनी ओढले, मालकांनी स्वतः उठून मोठी बटणं पाडली. अर्धं विणलेलं कापड मागामागावर तसंच थांबलं. शेवटची मोठी गिरणी राहिली होती, तीही गप्प झाली. चौकातल्या बसच्या ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. रस्ता ओलांडणारी माणसं रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. भाजीवाल्यानं उचललेला तराजू हातात तसाच धरला.

इचलकरंजी शांत झाली. जिवंत माणसांपैकी कुणाच्याही आठवणीत नव्हतं असं काहीतरी गावात उतरलं होतं. मागांच्या आवाजात गाढ झोपलेली तान्ही पोरं त्या शांततेनं दचकून जागी झाली आणि गल्लोगल्ली रडू लागली. म्हातारी माणसं दारात येऊन आभाळाकडे बघू लागली. आपत्ती कक्षाच्या उघड्या खिडकीतून कल्याणीला लांब नदीवरची टिटवी ऐकू आली. ही इथं असते हे तिला ठाऊकच नव्हतं.

पडदा काळाभोर झाला होता. कुठं एक नळ ठिबकत होता, कुठं एक कुत्रं चाललं होतं. शेजारणीला जे ऐकू येत होतं ते सगळं ती नावानिशी लिहीत होती. कल्याणीनं मगदूम बिल्डिंगचा तुकडा उघडला. माणसाची पावलं, नाहीत. हाक, नाही. वेडंवाकडं ठोकल्याचा आवाज, नाही. तिनं परत विचारलं. परत तेच.

म्हणजे अण्णा तिथं नव्हते, किंवा वाजवायला उरले नव्हते. तिनं मुजावरांना सांगण्यासाठी फोन उचलला.

शेडबाळे तोंडानं च्च करत म्हणाले, "कोण हे आडमुठं? एवढं गाव थांबलं, आन ह्या बाबाला माग बंद करवत न्हाई."

"काय?"

"हे बघा की. खाली लिहून आलंय."

पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती. एक माग चालू आहे.

"कुठला?"

"इथलाच कुठला तरी, कांडी गल्लीतला," शेडबाळे जवळ सरकले आणि बोलता बोलता थांबले. "मॅडम, हा ढिगाऱ्याखाली दाखवतोय."

तिथं वीज नव्हती. तिथं माग नव्हता. भंगारवाल्यानं शेवटचा माग नेला तेव्हा अण्णा दोन दिवस जेवले नव्हते.

कल्याणीनं हेडफोन कानाला लावला. खट-खटाक, खट-खटाक, खट-खटाक. थांबला. धागा तुटल्यावर थांबतो तसा. मग परत त्याच ठेक्यात लागला. सकाळी तिनं ज्याला वाजवणं बंद करा म्हटलं होतं तो हात. ज्यानं तिला थोपटून झोपवलं तो हात. शेजारणीनं तो मघापासून ऐकला होता, बरोब्बर ओळखला होता आणि शिकवल्याप्रमाणं वजा केला होता. आंधळा विश्वास ठेवला असता तर त्याच्यावर भिंत पाडली असती, आणि पडद्यावर शून्यच राहिलं असतं.

"मुजावरसाहेब," ती फोनवर म्हणाली, "जिवंत आहेत. मागच्या दारातून आत गेल्यावर डाव्या हाताला कांड्या भरायची खोली होती, तिथं. पोकलेन नको. हातानं काढा."

आणि ती धावत सुटली. कांडी गल्ली काही लांब नव्हती. रस्त्यात माणसं पुतळ्यासारखी उभी होती, तिनं सांगितलं होतं म्हणून. कुणी हललं नाही, कुणी काही विचारलं नाही. फक्त डोळे तिच्यासोबत धावत होते. त्या वेळी पडद्यावर काय दिसत होतं ते शेडबाळ्यांनी पुढं किती तरी दिवस भेटेल त्याला सांगितलं. एवढ्या मोठ्या गावात दोनच आवाज उरले होते. एक माग, आणि त्याच्याकडे धावणारी एका बाईची पावलं.

ती पोचली तेव्हा मुजावरांची माणसं दोरखंडांनी भिंत तोलून धरून हातानं विटा काढत होती. मुजावर स्वतः गुडघ्यावर होते.

"मघापासून गप झालेत," ते हळूच म्हणाले.

कल्याणी स्लॅबच्या तुकड्यावर बसली. हाक मारून उपयोग नव्हता, अण्णांना ती समोरासमोरही धड ऐकू यायची नाही. तिनं तळहात सिमेंटवर ठेवला आणि थोपटायला सुरुवात केली. खट-खटाक, खट-खटाक. पोराला थोपटावं तसं, हळू आणि न थांबता. हा ठेका आपल्याला इतका नेमका येतो हे तिला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

बराच वेळ काही नाही. मग तिच्या तळव्याला खालून कळलं. कानाला नाही, तळव्याला. खट-खटाक.

मुजावरांनी मान खाली घातली आणि बाहीनं डोळे पुसले. "चला रे," ते माणसांना म्हणाले, "जपून."

ऊन कलेपर्यंत काम चाललं. तोवर गावात एकही माग लागला नाही. कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी लावला नाही. अण्णांना बाहेर काढलं तेव्हा ते धुळीनं पांढरेफटक झाले होते, एक पाय मोडला होता, आणि हातात लोखंडाची जुनी कांडी होती. कल्याणीचे ओठ दिसेपर्यंत त्यांनी मान वळवली.

"माग का बंद केलासा?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला ऐकायला, अण्णा. सगळ्या गावानं बंद केले."

अण्णांनी आजूबाजूला बघितलं. छपरांवर, जिन्यांवर, गल्लीच्या तोंडापर्यंत माणसं उभी होती.

"आत जमिनीतनं अंगाला माग लागत हुते," ते म्हणाले. "म्हटलं, हे हाय तवर मी जिता हाय. आन एकदम सगळं गप झालं. म्हटलं, संपलं, गेलो. मग ध्येनात आलं, हात चाललाय. म्हटलं, मेल्यावर हात कसा चालंल?"

कल्याणी रडत रडत हसली. "वेडंवाकडं वाजवायचं ना. तिला लगेच कळलं असतं."

"हाताला दुसरं काय येतंय?" अण्णा म्हणाले.

रुग्णवाहिका गल्लीतून बाहेर पडली तसा मागं कुठंतरी एक माग लागला. मग दुसरा. मग गावभर पसरत गेला तो आवाज, आणि स्ट्रेचरवरच्या अण्णांनी डोळे मिटले. तान्ही पोरंही त्याच सुमारास झोपली असावीत.

"आता माझी ती जागा बी गेली म्हण," दवाखान्यात प्लास्टर चढल्यावर ते म्हणाले. "तिथलं बी ऐकायला शिकवशील तिला."

"शिकवणार," कल्याणी म्हणाली. "तिथं अजून कोण कोण बसत असेल. पण ऐकून झालं की कोण ते तिनं विचारायचं नाही. तुमचं नाव मी साथमधून काढतेय."

अण्णांनी तिच्या ओठांकडे नीट बघून घेतलं. "आन भजी?"

"विचारणार नाही."

संध्याकाळी ती कक्षात परतली. शेडबाळे घरी गेले होते. पडद्यावर शेजारीण तिची वाट बघत होती. दिवसभरातला एक आवाज तिनं बाजूला काढून ठेवला होता. माग म्हणून नोंदलेला, पण वीज नसलेल्या जागी. खात्री करा, ती म्हणत होती. आवाज कशाचा?

कल्याणीनं 'माग' खोडून 'माणूस' लिहिलं. पुढं नावाची जागा होती. ती तिनं कोरी ठेवली.

शेजारणीनं क्षणभर विचार केला. नवा शब्द शिकली की साठवलेले जुने आवाज परत चाळून बघायची तिची रीत होती. तिनं आज सकाळचं गाव काढलं, एकेका मागाला नव्यानं कान लावला, आणि जिथं इतकी वर्षं रिकामं होतं तिथं गावभागात एक ठिपका उमटला. माणूस. कुणी ओट्यावर काठी आपटत बसलं होतं. मग दुसरा, स्वयंपाकघरात जमिनीवरच्या परातीत भाकरी थापणारी कुणी. तिसरा, पाळण्याला पायानं झोका देणारी कुणी. सगळी मागाच्या ठेक्यात. बापजाद्यांपासून माग चालवून या गावाच्या हातापायांत दुसरा ठेका उरलाच नव्हता, आणि तेवढ्यावरून कल्याणीनं त्यांना गावातून वजा करून टाकलं होतं.

ती उभी राहिली. ठिपके वाढत होते. गल्लीमागून गल्ली उजळत होती, आणि ज्या आवाजाचा तिनं जन्मभर तिटकारा केला त्याच्या पोटातून माणसांमागून माणसं वर येत होती. तिनं हेडफोन लावला आणि वजाबाकी न करता, सगळ्या मागांसकट, आपलं गाव ऐकत राहिली. पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती. माणसं: मोजणी चालू आहे.